मिटलेले डोळे चालत नाहीत

सदर इसमाचे वर्णन येणेप्रमाणे : वय पन्नाशीच्या पलीकडे, साठीच्या अलीकडे. उंची मध्यम, बांधा मध्यम, बोलणे मध्यमापेक्षा कमी. डोळ्यांवर चष्मा, चष्म्याच्या वर कपाळ, कपाळाच्या वर नमूद करण्याजोगे काही नाही. व्यवसाय : फोटो स्टुडिओत संगणकावर चेहऱ्यांची दुरुस्ती. ओळखीची खूण : डाव्या गालावर तीळ. सदर तीळ ओळखपत्रावरील छायाचित्रात आढळत नाही, कारण छायाचित्र सदर इसमानेच नीट केलेले आहे. पूर्वीच्या गुन्ह्यांची नोंद : निरंक.

धंद्यातले लोक त्याला ‘इस्त्री’ म्हणत. त्याच्या हाताखालून गेलेल्या चेहऱ्यावर चुणी राहत नसे, म्हणून. हे नाव त्याला आवडत नव्हतं असं नाही. आवडतं असंही तो कधी म्हणाला नाही.

स्टुडिओ एका अरुंद जिन्याखाली होता. पुढच्या खोलीत पांढरा पडदा, एक स्टूल, दोन दिवे आणि गिऱ्हाइकांसाठी कंगवा. मागच्या खोलीत संगणक आणि इस्त्री. लोक पुढच्या खोलीत जसे असत तसे बसत आणि मागच्या खोलीतून जसे असायला हवेत तसे बाहेर पडत. तेलकट नाक, वाकडी कॉलर, कानामागून निसटलेली बट, रात्रभर जागून आणलेली काळी वर्तुळं, सगळं तो पुसे, पण बेताने. त्याचा एकच सिद्धांत होता : काम दिसलं की वाया गेलं. आपण फोटोत बऱ्या दिसतो हे बाईंना कळावं; का दिसतो ते कळू नये.

धंद्यातला सगळ्यात मोठा दोष म्हणजे मिटलेले डोळे. दहा माणसं ओळीत उभी केली की नेमक्या क्षणी एकाची तरी पापणी पडतेच. मग इस्त्री दुसऱ्या फोटोतले त्याचे उघडे डोळे उचलून इथे बसवी. एकदा घाईत त्याने थोरल्या भावाचे डोळे धाकट्याला लावले. घरी कोणाच्या लक्षात आलं नाही. उलट, धाकटा आता जरा जबाबदार दिसायला लागलाय, असं त्यांची आई म्हणाली.

त्याची बायको मोटार चालवायला शिकवत असे. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तिला ‘मॅडम’ म्हणत, आणि ज्यांना तिने शिकवलं ते पुढे स्वतः आजोबा झाले तरी तिला बघून गाडीचा वेग कमी करत. शिकाऊ गाडीत तिच्या पायाशी वेगळा ब्रेक आणि वेगळा क्लच होता. लोकांच्या चुका वेळेवर दाबायच्या, हे तिचं काम. ती सवय घरीही सुटत नसे. नवरा जेवणावरून घाईने उठला की म्हणे, “आधी मागे बघा, मग उठा.”

गेल्या वर्षी तिचा उजवा हात थरथरायला लागला. हात मांडीवर स्वस्थ ठेवला की थरथरे, कामाला लावला की बराचसा थांबे. हातानेही कसं वागायचं ते बाईकडून शिकून घेतलं असावं. कंपवात, असं निदान झालं. गोळ्या सुरू झाल्या, गोळ्यांनी बरं वाटलं. पण शिकवण्याच्या परवान्याला आता दर वर्षी मोठ्या डॉक्टरांचं पत्र लागणार होतं, आणि मोठे डॉक्टर दूरच्या शहरात बसत. त्यांनी तिला एकदा तपासलं होतं. ह्या वेळी त्यांनी निरोप धाडला की प्रवास नको, व्हिडिओ पाठवा : बसून बोलताना, बोटं आपटताना, पाण्याचा ग्लास धरून थांबलेलं, लिहिताना, चालताना. सगळं एका फाइलमध्ये. परवाना महिनाअखेर संपत होता. पत्र आलं नाही तर तिची त्या डाव्या सीटवरची जागा जाणार, हे दोघांना ठाऊक होतं. त्या जागेशिवाय ती काय करणार, हे मात्र कोणी विचारलं नाही. उत्तर नसलेले प्रश्न त्या घरात विचारायची पद्धत नव्हती.

शूटिंग घरच्या बैठकीच्या खोलीत झालं, फोन इस्त्रीच्या हातात.

“काय बोलू?”

“नाव सांग.”

“नाव त्यांना माहिती आहे.”

“मग काहीही बोल.”

“अहो, धरलाय का नीट? तुमचं बोट दिसतंय मला काचेवर.”

बोट खरंच काचेवर होतं. ते काढलं. बोलणं झालं, त्यात चेहराच तेवढा आला; बोटं झाली, लिहिणं झालं, चालणं झालं. ग्लासाच्या वेळी ती थोडा वेळ शांत धरून उभी राहिली, मग हात सुरू झाला, पाणी काठावरून हललं आणि फरशीवर सांडलं. “मेलं,” ती म्हणाली आणि फडकं आणायला गेली. व्हिडिओत उरली नुसती भिंत.

आता पाच तुकडे जोडायचे होते. स्टुडिओच्या वरच्या मजल्यावर एक शूटिंगवाला बसे. समारंभांचे व्हिडिओ जोडणं हाच त्याचा धंदा.

“द्या इकडे,” तो म्हणाला, “चहा संपेपर्यंत जोडून देतो.”

“नको. मी करतो.”

“कशात? तुमच्या त्या फोटोच्या सॉफ्टवेअरात?” शूटिंगवाल्याने चहा खाली ठेवला. “इस्त्रीराव, वस्तऱ्याने भाजी चिरायला निघालात.”

“चिरली जाते का?”

“जाते की. जेवायला उशीर होतो, एवढंच.”

खरं कारण इस्त्रीने सांगितलं नाही. बायकोने त्याला बजावलं होतं, “त्या वरच्याकडे नेऊ नका. तो सगळ्याला गाणं लावतो. डॉक्टर माझा हात बघत असतील आणि मागे बासरी वाजत असेल.”

फोटोच्या सॉफ्टवेअरात खालच्या बाजूला एक पट्टी उघडते आणि तिच्यात व्हिडिओ मावतो, हे तो ऐकून होता. इतकी वर्षं वापरून त्याने ती कधी उघडली नव्हती. घरातल्या माळ्यासारखं : आहे हे माहीत, चढायचं कारण नाही. आता त्याने ती उघडली, पाच तुकडे एकापुढे एक ठेवले, टोकं कापली. फाइल तयार झाली. इथे तो थांबला असता तर ह्या चरित्राला काही निमित्तच उरलं नसतं.

पण खिडकी तिच्या पाठीमागे होती, त्यामुळे चेहरा काळवंडला होता. त्याने तो उजळ केला. उजळल्यावर कपाळावर आलेला एक केस दिसला. त्याने तो पुसला आणि व्हिडिओ चालू करून बघितला. केस क्षणभर गेला आणि परत आला. पुन्हा पुसला, पुन्हा आला. तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला : व्हिडिओ म्हणजे एकामागे एक लावलेले ढीगभर फोटो, आणि त्याने त्यातला एकच पुसला होता. दुसरा कोणी इथे घाबरला असता. इस्त्रीला हायसं वाटलं. म्हणजे हे फोटोच आहेत.

मग ओळखपत्रांच्या कामातून सवड होईल तसा तो एकेक फोटो घेत गेला. आणि त्याला आढळलं की त्यातल्या कितीतरी फोटोंत बायकोचे डोळे मिटलेले आहेत. अर्धे मिटलेले, पूर्ण मिटलेले, परत अर्धे. मग थोडे बरे फोटो, मग पुन्हा तेच. प्रत्येक वेळी त्याला वाटलं, नेमका वाईट क्षण सापडलाय. शेजारच्या फोटोतले उघडे डोळे उचलून त्याने तिथे बसवले. असे सगळीकडे बसवले. मग कपाळावरच्या आठ्या. त्यांच्यासाठी एकेक फोटो घ्यावा लागला नाही, एकच उपाय सबंध व्हिडिओवर पसरता आला.

शेवटी ग्लास. हललेला फोटो बाद, हे धंद्यातलं पहिलं पाठांतर. हात स्थिर होता तोवरचा एक फोटो त्याने घेतला आणि तोच पुढे अंथरला. भिंत साधी होती, जोड कळला नाही. तेवढ्या तुकड्याचा आवाजही बंद केला. हललेला फोटो नीट केला, असं त्याने स्वतःला सांगितलं. स्वतःला सांगावं लागलं, यावरूनच काय ते समजायचं.

“पाठवला?” बायकोने विचारलं.

“पाठवला.”

“मला दाखवायचा तरी. कशी दिसते?”

“नीट.”

“नीट म्हणजे?”

“म्हणजे नीट.”

फोनमधले मूळ तुकडे त्याने काढून टाकले होते. कच्चा माल घरात ठेवायची त्याला सवय नव्हती.

डॉक्टरांनी स्वतः फोन केला, तेव्हाच तिला शंका आली. मोठे डॉक्टर चांगली बातमी द्यायला स्वतः फोन करत नाहीत. तिने स्पीकर लावला.

“ताई, हात ठीक आहे तुमचा. हाताची मला काळजी नाही,” डॉक्टर म्हणाले. “चेहऱ्याची आहे. सबंध व्हिडिओत तुमची पापणी एकदाही लवलेली नाही. कपाळावर रेघ नाही. ह्या आजारात चेहरा गोठत जातो, मुखवट्यासारखा होतो, पापण्या लवणं कमी होतं. पण एवढ्यात इतकं? मी स्पष्ट सांगतो, असं असेल तर मला तुमच्यासाठी पत्र देता येणार नाही. समोर बसवून तपासेन, पण त्याला आता दोन-अडीच महिने लागतील.”

तिने फोन ठेवला आणि आरशासमोर जाऊन उभी राहिली. तिथूनच म्हणाली, “अहो, मी पापण्या मिटते ना?”

इस्त्री काही बोलला नाही. पण इतक्या वर्षांच्या संसारात त्याच्या न बोलण्याचे प्रकार तिला पाठ झाले होते. हा प्रकार नवा होता.

“काय केलंत तुम्ही?”

“जरा नीट केलं.”

“पापण्या नीट केल्या?”

“मिटलेले डोळे चालत नाहीत.”

“फोटोत चालत नाहीत! हा फोटो नव्हता.”

“फोटोच असतात. खूप सारे.”

ती खुर्चीवर बसली. हात मांडीवर थरथरायला लागला. तिने तो दुसऱ्या हाताखाली दाबला. “जिवंत बाई आहे मी,” ती म्हणाली, “आणि तुम्ही डॉक्टरांना माझा पुतळा पाठवलात. लावा फोन.”

आयुष्यात पहिल्यांदा इस्त्रीला आपलं काम कबूल करावं लागलं, आणि ऐकणाऱ्याने त्यावर विश्वास ठेवला नाही.

“हे बघा,” डॉक्टर म्हणाले, आवाजात राग नव्हता, “प्रत्येक नवरा मला हेच सांगतो. ती तशी नाहीये, व्हिडिओ खराब आलाय, उजेड नव्हता. एक गृहस्थ म्हणाले, आमची ही कॅमेऱ्याला लाजते.”

“मी खरंच पुसलंय.”

“पापण्या?”

“हो.”

“का पण?”

“आम्ही दुसरा काढून पाठवतो,” तो म्हणाला.

“दुसरा नको. नकार मिळाला की लोक जास्तीची गोळी देतात, चांगला तास बघतात आणि मग शूटिंग करतात. मला तोच हवा, त्या दिवशीचा.”

त्या दिवशीचा आता एकाच ठिकाणी होता : स्टुडिओतल्या संगणकावर, इस्त्रीच्या दुरुस्त्यांच्या खाली. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी संगणकावरून भेटायचं ठरवलं, आणि बायको बऱ्याच वर्षांनी मागच्या खोलीत आली. एकच खुर्ची होती. पुढच्या खोलीतलं स्टूल आत आणलं. पडद्याच्या कोपऱ्यात डॉक्टरांचा लहानसा चेहरा, बाकी सगळा पडदा इस्त्रीचा. त्याच्यापुढे जे जे दिसत होतं ते तिकडे डॉक्टरांना दिसत होतं.

केलेली प्रत्येक दुरुस्ती पारदर्शक कागदासारखी मूळ व्हिडिओवर अंथरलेली होती. असे चार कागद, एकावर एक. प्रत्येक कागदाच्या नावापुढे एक बारीक डोळा काढलेला असतो. त्यावर टिचकी मारली की तो कागद दिसेनासा होतो.

इस्त्रीने उजेडाचा कागद बंद केला. चेहरा काळवंडला. आठ्यांचा बंद केला. कपाळ परत आलं. मग पापण्यांचा बंद केला आणि व्हिडिओ सुरू केला. पडद्यावर बायको बसली होती. तिने पापण्या मिटल्या, उघडल्या, फोनकडे बघितलं, “अहो, धरलाय का नीट?” म्हणाली आणि दोन भुवयांच्या मधे एक रेघ उमटली. ती रेघ त्याने पुसली होती, तेव्हा ती कशाची आहे हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. ती त्याच्यावर वैतागली होती. त्याच्याकडे बघताना तिच्या तोंडावर जे जे काही येत होतं, ते सगळं त्याने शिस्तीत एकेक करून काढून टाकलं होतं.

“पुन्हा लावा,” डॉक्टर म्हणाले. पुन्हा लावलं. “हं. ही बाई मला माहिती आहे. चेहरा उत्तम आहे. आणि हात तर आपण आधीच बघितलाय.” ते थोडे हसले. “एवढंच ना? आणखी काही नाही ना केलंत?”

चौथा कागद उरला होता. त्याच्यावर ‘ग्लास’ असं लिहिलेलं होतं, पण ते डॉक्टरांनी वाचलं नसावं. वाचलं तरी त्यांना काय कळणार? ‘नाही’ म्हटलं की पत्र येणार होतं. चेहरा उत्तम, हात ठीक, सगळं पूर्वीसारखं. इस्त्री पडद्याकडे बघत राहिला.

बायकोने काल ‘हात ठीक आहे’ हे वाक्य ऐकलं होतं, आणि फरशीवरचं पाणी तिने स्वतः पुसलं होतं. तिला दोन आणि दोन जोडायला कुठलं सॉफ्टवेअर लागत नव्हतं.

“सरका,” ती म्हणाली.

शिकाऊ माणसाला सीट सोडायला सांगताना तिचा हाच स्वर असे. तो सरकला. तिने उजवा हात माऊसवर ठेवला. हात स्वस्थ टेकला आणि म्हणूनच सुरू झाला. पडद्यावरचा बाण थरथरायला लागला. तो डोळ्याच्या दिशेने निघाला, पलीकडे गेला, परत आला, भलत्याच ठिकाणी टिचकी बसली आणि सगळा व्हिडिओच नाहीसा झाला.

“तो नाही,” इस्त्री म्हणाला, “त्याच्या वरचा.”

“माहितीये. शिकवू नका.”

त्याचा हात तिच्या हाताकडे निघाला होता. तो त्याने परत आणून गुडघ्यावर ठेवला. तिने व्हिडिओ परत आणला. बाण पुन्हा निघाला, डोळ्याभोवती माशीसारखा घोंगावला आणि एकदाचा बसला. पडद्यावर ग्लास हलला, पाणी सांडलं, तिच्या ओठांवर “मेलं” दिसलं आणि भिंत उरली.

डॉक्टर म्हणाले, “ग्लास दाखवला नसतात तरी चाललं असतं, ताई. तुमचा बाण बघत होतो मी.”

“मला वाटलंच.”

“शिकाऊ गाडीत तुमच्या पायाशी ब्रेक असतो ना?”

“ब्रेक, क्लच, दोन्ही.”

“आणि स्टिअरिंग?”

“त्यांच्या हातात. म्हणजे, असतं तेव्हा.”

“नसतं तेव्हा?”

“तेव्हा मी ओढते,” ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं. डॉक्टरांच्याही आलं.

“बघतो,” ते म्हणाले. कोपऱ्यातला चेहरा गेला.

वरच्या मजल्यावर शूटिंगवाला कोणाच्या तरी समारंभाला गाणं लावत होता, तेच तेच दोन सूर पुढे-मागे करत. खाली दोघं बसून राहिली.

“मी नाही म्हणणार होतो,” इस्त्री म्हणाला.

“कळलं मला.”

“पत्र आलं असतं.”

“आलं असतं. आणि एखाद्या दिवशी भर रस्त्यात कोणाच्या हातून स्टिअरिंग सुटलं असतं, मी ओढायला गेले असते आणि हात असा झाला असता. मग? तुम्ही मागे बसून पुसणार होतात?”

त्याने मान हलवली. हो की नाही, ते तिला कळलं नाही, बहुधा त्यालाही.

जाताना ती पडद्याकडे बघून म्हणाली, “तो पुतळा ठेवलाय अजून?”

“चारही डोळे उघडले की येतो.”

“आणा बघू.”

त्याने आणला. ती वाकून बघत राहिली. पडद्यावरची बाई गुळगुळीत कपाळाने, पापणी न लववता, ग्लास धरून उभी होती. एक थेंब हलत नव्हता. “हिला मी पहिल्या दिवशीच नापास केलं असतं,” बायको म्हणाली. “आरशात बघतच नाहीये.” पण तिने तो लगेच बंद करायला सांगितलं नाही.

असल्या प्रसंगांतून लोक धडा घेतात आणि बदलतात असं ऐकिवात आहे. इस्त्रीला एका शाळेची ओळखपत्रं द्यायची होती. त्याने ती दिली. एकाही मुलाचे डोळे मिटलेले नव्हते. घरी मात्र त्याच्यात एक फरक पडला, आणि तो बायकोला फारसा आवडला नाही : ती बोलत असली की तो हातातलं काम ठेवून तिच्या तोंडाकडे बघत राही. “काय शोधताय?” ती वैतागून विचारी. तो म्हणे, “काही नाही.” भुवयांच्या मधे रेघ येई, आणि तो पुन्हा कामाला लागे.

पत्र महिनाअखेरच्या आधी आलं. ते असं : “सदर महिलेच्या उजव्या हातास मध्यम स्वरूपाचा कंप असून चेहऱ्याच्या हालचाली व पापण्यांची उघडझाप वयानुरूप आढळून आली. सबब सदर महिलेने स्वतः वाहन चालवू नये, तसेच सार्वजनिक रस्त्यावर प्रशिक्षण देऊ नये. तथापि दुहेरी नियंत्रण असलेल्या वाहनात, दिवसा, बंदिस्त मैदानावर प्राथमिक प्रशिक्षण देण्यास हरकत नसावी. प्रस्तुत शिफारस सहा महिन्यांपर्यंत ग्राह्य धरण्यात यावी व तदनंतर पुनर्तपासणी करण्यात यावी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मैदानावर गेली. दोघं शिकाऊ आले होते. दोघांनाही गाडी मागे घेता येत नव्हती.